दम लागला?

"चढताना दम लागतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," नलिनी म्हणाली.

मी शेजारच्या स्टुलावर बसलो होतो. दवाखाना पहिल्या मजल्यावर. वर येताना ती जिन्याच्या मधल्या वळणावर चपलेचा पट्टा नीट करायला थांबली होती. पट्टा नीटच होता.

"मघाशी थांबली होती," मी म्हणालो.

"चप्पल," ती म्हणाली. "यांना प्रत्येक गोष्टीत चूक दिसते, डॉक्टर. धंदाच तो आहे त्यांचा."

डॉक्टर हसले. आमच्या मरोळचे, घरचेच म्हणावेत असे डॉक्टर. ती धावते हे त्यांना माहीत होतं. "मॅरेथॉनवाल्या बाईंना कसला दम लागतोय," असं म्हणून त्यांनी शक्तीच्या गोळ्या आणि खोकल्याचं औषध लिहून दिलं. जिना उतरताना ती माझ्या पुढे होती. उतरताना कुणालाच दम लागत नाही.

नलिनी माझी बायको. ती गेली त्याला आता बराच काळ लोटला. तिच्या आजाराबद्दल लिही, असं मला काही जणांनी सुचवलं. घरात असं आजारपण आलं की माणूस दुसऱ्या कुणाच्या घरात ते कसं आलं होतं हे शोधत फिरतो, हे मलाही ठाऊक आहे. पण वैद्यकीय माहिती माझ्याकडे फार नाही, आणि होती ती मी विसरलो. मला लिहायचं आहे ते त्या 'नाही'बद्दल.

*

आरेचा रस्ता

मी मुंबईत मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. नलिनी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर. दिवसभर ती लोकांना बाहेरगावाशी जोडून द्यायची आणि मी दुसऱ्यांच्या चुका काढायचो. घरात आम्ही दोघं आणि माझी आई. मूलबाळ नव्हतं.

तिला धावायला लावलं ते बस्त्यावकाकांनी. मरोळ गावातलं जुनं ख्रिस्ती कुटुंब, कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, तरुणपणी लांब पल्ल्याच्या शर्यती धावलेले. त्यांनी नलिनीला एकदा बसमागे धावताना पाहिलं. बस सुटली. काका तिच्याजवळ येऊन म्हणाले, "बस गेली तर जाऊ दे गो. पाय चांगले हायत तुझे. रविवारी आरेला ये."

आरे म्हणजे गोठ्यांची दूध वसाहत, रस्ते मोकळे. ती गेली, आणि मग जातच राहिली. आठ-दहा जणांचा गट होता. बँकेतले, कारखान्यातले, एक शाळामास्तर. बायकांत ती एकटीच. कॅनव्हासचे बूट, माझा जुना सदरा आणि शिंप्याकडून शिवून घेतलेली पँट. आई मालवणीत म्हणायची, "झिला, तिका सांग, बाईमाणूस अशी उघड्यावर धावत नाय." नलिनी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणायची, "आई, काळोख असतो. म्हशींशिवाय कोणी बघत नाही." आईला हसू यायचं, पण ती ते पदरात लपवायची.

काकांचा एकच नियम होता. ते सगळ्यांच्या मागे धावत आणि मधूनच ओरडत, "दम लागला?" त्यावर पुढच्याने एका श्वासात उत्तर द्यायचं, "नाय लागला, पुढच्या गोठ्यापर्यंत चल." वाक्य सलग आलं तर धावत राहायचं, मध्ये तुटलं तर चालायचं. हृदय, फुप्फुसं, वेग यांचं सगळं शास्त्र त्यांनी त्या एका प्रश्नात बसवलं होतं. धावताना बोलता येत नसेल तर तू चुकीच्या वेगाने धावतो आहेस, एवढंच.

पण गटातल्या लोकांनी त्या उत्तराचं घोषवाक्य करून टाकलं. आधी 'पुढच्या गोठ्यापर्यंत चल' गळलं, मग 'लागला' गळलं. उरलं ते फक्त "नाय!" सगळे मिळून ते इतक्या जोरात म्हणत की गोठ्यातल्या म्हशी माना वर करत. नवा माणूस आला की त्याला आधी हे शिकवलं जाई. छाती फुटायला आली असली तरी काकांनी विचारलं की "नाय!" तो गटात आल्याचा शिक्काच होता म्हणा ना.

मी धावत नसे. एका छोट्या पुलाच्या कठड्यावर मांडीवर प्रुफं घेऊन बसायचो. शेजारी तिचा थर्मास आणि टॉवेल. माणसं दिसायच्या आधी वळणापलीकडून ते "नाय!" ऐकू यायचं. त्यातून तिचा आवाज मला वेगळा काढता यायचा. तिचा आवाज स्वच्छ होता, रोज शेकडो माणसांना 'बोला' म्हणून म्हणून घासून लख्ख झालेला.

*

पुढे पळणारे

आजारपणाच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही शहरात मॅरेथॉन बघायला गेलो. परदेशी धावपटू येणार होते, शिवाय आपले लष्करातले. नलिनीला पुढल्या वर्षी पूर्ण अंतर धावायचं होतं. त्याआधी "खरं धावणं कसं दिसतं" ते तिला बघायचं होतं.

एका चढावर आम्ही पदपथाच्या कडेला उभे राहिलो. आधी पोलिसांची मोटारसायकल गेली आणि मग ते आले. चार-पाच जण, एकमेकांना चिकटून. इतके किडकिडीत की मला क्षणभर वाईट वाटलं. ते समोरून गेले तेव्हा बुटांचा हलका आवाज झाला, पाण्यावर थापट्या माराव्यात तसा. बाकी काही नाही.

"ऐकलंत?" नलिनीने माझा दंड धरला. "श्वास ऐकू नाही आला. चढावर! त्यांना दम लागतच नाही हो."

नंतर आम्ही शर्यत संपायच्या जागी गेलो. ती गर्दीत घुसून पुढे गेली. मी पिशव्या सांभाळत एका तंबूच्या मागच्या बाजूला राहिलो. त्यामुळे मी जे पाहिलं ते तिने पाहिलं नाही. पहिला आलेला माणूस, तोच, चढावर आमच्यासमोरून निःशब्द गेलेला, तंबूमागे गवतावर हातापायांवर वाकलेला होता. त्याच्या बरगड्या बाहेर येतील की काय अशा हलत होत्या. घशातून आवाज येत होता, तो मी कुठल्याही माणसाचा तोवर ऐकला नव्हता. एक मदतनीस त्याच्या पाठीवर ओलं फडकं धरून उभा होता. थोड्या वेळाने तो उठला, तोंड पुसलं, सरळ झाला आणि तंबूला वळसा घालून लोकांकडे हसत गेला.

घरी जाताना मी तिला हे सांगितलं.

"तो दुसरा कोणी असेल," ती म्हणाली. "हरलेला."

"नाही गं. तोच. अंगावर तोच आकडा होता."

"मग आकडा वाचण्यात तुमचीच चूक झाली असेल."

मुद्रितशोधकाला हे म्हणणं म्हणजे चेष्टाच. मी हसलो आणि विषय तिथेच राहिला.

*

स्वल्पविराम

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. साधा वाटला आणि गेलाही. पण त्यानंतर ती पूर्वीसारखी कधीच झाली नाही. अडचण अशी की आजाराची जी जी खूण दिसली तिला आमच्याकडे आधीच दुसरं नाव तयार होतं.

ती वाळत चालली. गटातले म्हणाले, "आता कशी खरी मॅरेथॉनवाली दिसतेस!" तिला ती परदेशी माणसं आठवली आणि ती खूश झाली. एकटी आई म्हणत होती, "हाडां दिसतत तिची. तिका खावक घाल." पण आईला धावण्यातलं काय कळतं, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं.

बूट घट्ट व्हायला लागले. संध्याकाळी मोजे काढले की रबराची खूण घोट्यावर खोल उमटलेली असायची. शाळामास्तर म्हणाले, "अंतर वाढलं की पाय पसरतात, सगळ्यांचे." तिने अंधेरी स्टेशनजवळून एक माप मोठे बूट आणले आणि अभिमानाने सगळ्यांना दाखवले. आता कळतं, सूज होती. तेव्हा ती प्रगती होती.

आडवं झालं की तिला खोकला यायचा. तो आरेच्या पहाटेच्या गारव्याचा ठरला. उशाला दोन उश्या आल्या.

आणि मग ते डॉक्टर, तो जिना, ते 'नाही'.

माझ्या लक्षात आलं ते वेगळ्याच जागी. नलिनी सलग बोलणारी बाई. तिचं वाक्य सुरू झालं की क्रियापदापर्यंत थांबायचं नाही. त्या दिवसांत तिच्या वाक्यांत स्वल्पविराम यायला लागले, आणि तेही चुकीच्या जागी. "आज एक्स्चेंजमध्ये, नागपूरची, लाईन सारखी, जात होती." विशेषणानंतर स्वल्पविराम, क्रियापदाआधी स्वल्पविराम. छापखान्यात असं वाक्य आलं असतं तर मी सगळे उडवले असते. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"काय हो," ती म्हणाली, "प्रुफं तपासताय, की माझं तोंड?"

त्यातही एक स्वल्पविराम होता.

त्यानंतर काही दिवसांनी ती कामावरून आली ती हसत. म्हणाली, "आज गंमत झाली. एका म्हाताऱ्या गृहस्थांना, मी नागपूर, जोडून देत होते. ते म्हणाले, ताई, रडताय का? घरी काही झालंय का?" तिने मला ते अगदी त्यांच्या आवाजात करून दाखवलं. पण हसणं मध्येच संपलं आणि ती पलंगाच्या कडेवर दोन्ही हात टेकून बसली. तंबूमागे वाकलेल्या त्या माणसासारखी. फक्त ती कुठूनही धावून आलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेलो नाही. तिला घेऊन सरळ मोठ्या रुग्णालयात गेलो.

*

मोठं हृदय

निदानाचा दिवस म्हटला की मला रांगा आठवतात. केसपेपरची रांग, कार्डिओग्रामची रांग, एक्स-रेची रांग. एक्स-रेच्या रांगेत तिने मला हळूच सांगितलं, "बसायला, जागा बघा." एवढं मागणं तिला फार जड गेलं असावं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. छातीच्या पिंजऱ्यात मधोमध एक पांढरी सावली होती, डाव्या बाजूला जवळजवळ बरगड्यांना टेकलेली. ते म्हणाले, "हृदय मोठं झालंय."

नलिनीचा चेहरा उजळला. हे मी कधीच विसरणार नाही. ती म्हणाली, "धावणाऱ्यांचं, असतं ना मोठं? आमचे काका सांगतात."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. "असतं," ते म्हणाले. "पण ते घट्ट असतं. तुमचं सैल झालंय. तापात त्याचा स्नायू दुखावला असणार. ते भरतं, पण जोर लावून रिकामं होत नाही."

"मग धावायला, कधी लागू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आधी जिना चढा," ते म्हणाले. "नंतर बोलू."

बाहेर व्हरांड्यात येऊन म्हणाली, "उद्धट आहे मेला." मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. रडण्यासाठीही श्वास पुरत नव्हता, म्हणून ते लगेच थांबलं.

*

वॉर्ड

वॉर्डातलं आयुष्य पहाटे फिनेलच्या वासाने सुरू होई. मग चहा, वजन, गोळ्या, लघवीचं मोजमाप. पाणी दिवसाला ठरलेलं, तेवढंच. मीठ बंद. पावसाळा सरल्यावरच्या उकाड्यात त्या वॉर्डातल्या इतर बायका गटागटा पाणी पीत आणि नलिनी आपला पेला ओठाला लावून ठेवून देई. "शर्यतीत पाण्याचं टेबल, किती वेळाने येतं, त्याची, सवय करतेय," असं ती सिस्टरना सांगे.

झोपायचं बसूनच. पाठीशी उश्यांची चवड. तिने मला एकदा सांगितलं, आडवं झालं की कुणीतरी छातीवर ओली चादर टाकल्यासारखं वाटतं.

घरून डबा यायचा तो बिनमिठाचा. आई पेज, भाजी, सगळं अळणी करून द्यायची. पहिले काही दिवस ती माझ्याशी नीट बोललीही नाही. "धावान धावान जीव काढल्यान आपलो," असं भिंतीला सांगायची. मी चिडून म्हणालो, धावल्यामुळे नाही झालं, तापामुळे झालं, डॉक्टरांनी सांगितलंय. ती म्हणाली, "डॉक्टरांका काय म्हायत? घरात मी होतंय." त्या आठवड्यात आमच्या घरात भांड्यांचाच आवाज होता. मग एका दुपारी मी तिच्या ताटातली भाजी चाखली आणि ती अळणी निघाली. तिने मीठ सोडलं होतं.

"तुला कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"एका चुलीवर दोन चवी कशाक?" ती म्हणाली आणि ताट ओढून घेतलं.

हे मी नलिनीला सांगितलं. त्या दिवशी तिने डबा शेवटच्या घासापर्यंत संपवला.

वॉर्डात रोज सकाळी डॉक्टरांची फेरी व्हायची. पलंगाशी थांबून ते विचारत, "कसं आहे? दम?"

"नाही," नलिनी म्हणायची.

पाठीला उश्या, गळ्याखालची शीर उडताना दिसते आहे, ओठांना निळसर छटा, आणि "नाही". हसून, एका श्वासात. तेवढ्यापुरता श्वास ती जमवून ठेवत असे. फेरी दुरून दिसली की ती बोलणं थांबवायची, डोळे मिटायची आणि साठवायची. मी ते रोज बघत होतो. "अहो, तिला दम लागतोय," असं मी एकदा मध्ये बोललो. डॉक्टर म्हणाले, "पेशंटला बोलू द्या." पेशंट म्हणाली, "यांना काळजी जास्त आहे." मग त्यांनी एक औषध कमी केलं. आणखी दोन दिवस असंच राहिलं तर घरी सोडू, म्हणाले.

फेरी पुढे गेल्यावर मी तिला विचारलं, "का खोटं बोलतेस?"

"एकदा हो म्हटलं ना," ती थांबली, श्वास घेतला, "की संपलं. मग मी, आजारी."

तिला घरी जायचं होतं, हिवाळ्यात शर्यत होती. आणि असं घरी गेली असती तर ती आठवड्याच्या आत परत आली असती किंवा आलीही नसती. हे मला स्पष्ट दिसत होतं आणि माझ्या शब्दाला तिथे काही वजन नव्हतं. मी मरोळ गावात बस्त्यावकाकांकडे गेलो. अंगणात ते कोंबड्यांना दाणे टाकत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दाण्यांची वाटी खाली ठेवली.

"रोज नाय म्हणते?"

"रोज."

"नुसतं नाय?"

"नुसतं."

ते आत गेले, शर्ट बदलून आले. सोबत त्यांच्या बायकोने केलेले फुगे होते, गोडसर, तळलेले पावाचे गोळे. "मीठ नाय घातलं हां," तिने दारातून मला सांगितलं.

*

अख्खं वाक्य

काका आले तेव्हा भेटीची वेळ होती. नलिनीने पटकन केस सारखे केले. फुग्यातला एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला. काका खुर्चीवर बसले नाहीत. पलंगाच्या उशाशी गेले, तिच्या नजरेआड, आरेच्या रस्त्यावर ते असत तसे मागे.

"दम लागला?" ते म्हणाले. ओरडून नाही, पण त्याच सुरात.

"नाय!" नलिनी म्हणाली आणि हसली. आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं.

"अख्खं बोल गो."

"काय?"

"उत्तर अख्खं असतंय. तुम्ही लोकांनी शेपूट कापलं त्याचं. बोल. नाय लागला, पुढच्या गोठ्यापर्यंत चल."

नलिनीने माझ्याकडे पाहिलं. तिने श्वास जमवला.

"नाय लागला, पुढच्या..." ती म्हणाली आणि थांबली. "पुढच्या, गो..."

वाक्य तिथेच तुटलं. तिने पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. ट्रंक ऑपरेटर बाई, जिच्या आवाजावर गावंच्या गावं जोडली जायची, तिला पाच शब्द पार करता आले नाहीत. काका उशाशी तसेच उभे होते, लोखंडी कड हातात धरून.

"मी तो प्रश्न शूर कोण ते बघायला काढला नव्हता," ते म्हणाले. "चालायचं कुणी ते बघायला काढला होता. चालणारा पण पोचतो. ऐकतेस? दम लागला?"

नलिनीने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"लागला," नलिनी म्हणाली.

"कधीपासून?"

"ताप, गेल्यापासून. पहिल्या रविवारपासून."

काकांनी मान डोलावली. मग ते पुढे आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते, पण ते म्हणाले एवढंच, "मग चाल की."

दुसऱ्या दिवशी फेरीला तिने सगळं सांगितलं. पलंगावरून संडासापर्यंत जाताना दोनदा थांबते, आडवं झालं की गुदमरतं, बोलताना वाक्य पुरत नाही. डॉक्टर पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी आधीचे कागद उलटून पाहिले, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिच्याशी सावकाश बोलले. औषधं बदलली. घरी जायचं लांबलं. हळूहळू पायाची सूज उतरली, पाठीमागची एक उशी गेली.

आधी बोलली असती तर? मी डॉक्टरांना विचारलं. ते खोटं बोलले नाहीत. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "कदाचित थोडा वेळ जास्त मिळाला असता. कदाचित तेवढाच."

*

चालणं

नंतरचे काही महिने ती घरी होती. लोक विचारतात, ते दिवस कसे काढलेत. वाईट होते. ती नोकरीवर परत गेली नाही. आंघोळ केली की तासभर पडून राहावं लागे. शेजारच्या बायका दारातून बघून जात आणि "धावायची ना ही?" असं जिन्यात बोलत. ते आत ऐकू येई. काही दिवस ती कुणाशीच बोलत नसे. एकदा तिने मोठ्या मापाचे ते बूट मोरीत फेकले, मी ते पुसून माळ्यावर ठेवले, तर म्हणाली, "जपून कुणासाठी ठेवताय?"

पण ती खोटं बोलत नव्हती. एवढं त्या वाक्याने केलं होतं. आई चहा घेऊन आली की विचारायची, "दम लागता काय गो?" आणि ती सांगायची. "लागतोय." "आज कमी." "आज खूप." आईने एकदा मला सांगितलं, आता तिच्याशी बोलणं सोपं झालंय.

एका रविवारी ती म्हणाली, आरेला न्या. रिक्षा करून गेलो. पुलाच्या कठड्यावर दोघं बसलो, ती शाल गुंडाळून. मी सवयीने प्रुफं घेतली होती. त्यात कुणीतरी एक बरोबर शब्द चूक समजून खोडला होता. मी त्याच्याखाली टिंबं दिली.

"हे काय?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"खोडलेला शब्द बरोबरच होता, तो तसाच ठेवा, असं सांगायची खूण."

"बरंय तुमचं," ती म्हणाली. "टिंबं दिली, की झालं."

तेवढ्यात वळणापलीकडून काकांची हाक आली, "दम लागला?" आणि गटाचा तो कोरस, "नाय!" ते वळणावर दिसले तशी नलिनी कठड्यावरून, होतं नव्हतं तेवढं बळ काढून ओरडली, "लागला!"

सगळे दचकले. मग हसले. शाळामास्तर दोन पावलं धावले, मग हात कमरेवर ठेवून चालायला लागले. "खरं सांगू का," ते म्हणाले, "मलापण लागलाय." बँकेतला एक जण म्हणाला, "मास्तर, वर्षभर आम्हाला पळवलंत की हो!" बघता बघता अर्धा गट चालत होता. काका मागून आले. त्यांनी नलिनीकडे बघून टोपीला हात लावला.

त्या हिवाळ्यात शहरातल्या शर्यतीचे तुकडे दूरदर्शनवर दाखवले. आम्ही शेजाऱ्यांकडे बघितले. पुढचे लोक नेहमीसारखेच निःशब्द पळत होते. नलिनीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. कॅमेरा सरकताना मागे, रस्त्याच्या कडेला, एक जण गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला क्षणभर दिसला.

"तुम्ही तंबूमागे पाहिलात ना," ती म्हणाली, "तो, तोच असणार. पहिला आलेला." मग थोड्या वेळाने, "लोकांसमोर, घ्यायला हवा होता, त्याने श्वास."

*

टिंबं

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. दम लागतो का, एवढं विचारून थांबू नका. त्याला एक अख्खं वाक्य बोलायला लावा. काहीही, बाजारातला भाव, शेजाऱ्याचं नाव, पुढच्या गोठ्यापर्यंत चल. ते कुठे तुटतं ते ऐका. शूर माणसांच्या बाबतीत तर जरूर ऐका.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिला पुन्हा रुग्णालयात न्यावं लागलं. या वेळी उश्या वाढत गेल्या. ऑक्सिजनचा सिलिंडर आला, नाकाशी नळी आली. काका रोज येत आणि उशाशी उभे राहत, पण काही विचारत नसत. आई जपमाळ घेऊन बसे. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही. सगळ्यांना कळलंच होतं.

शेवटच्या दुपारी मी तिच्याजवळ होतो. ती आदल्या दिवसभर तळमळत होती. पण त्या दुपारी ती शांत होती, हात माझ्या हातात ढिला होता, डोळे अर्धवट मिटलेले. वॉर्डात पंखा फिरत होता आणि कुणीतरी संत्रं सोलत होतं.

मी विचारलं, "दम लागतोय?"

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "नाही."

अख्खं वाक्य बोल असं मी तिला म्हणालो नाही. थोड्या वेळाने मला वाटलं ती झोपली. सिस्टर आल्या, त्यांनी मनगट धरलं आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दहन झाल्यावर काही दिवसांनी मी काकांना विचारलं, ते 'नाही' कुठलं होतं? खरं, की जुनं? त्यांनी कोंबड्यांना आणखी एक मूठ दाणे टाकले. "शेवटी शेवटी नसेल लागत," ते म्हणाले. मग म्हणाले, "माहीत नाय मला. खरंच नाय माहीत."

मलाही माहीत नाही. जुनं असेल तर 'लागला' ऐकण्यापासून तिने मला वाचवलं, आणि खरं असेल तर ती सुटली. दोन्ही शक्य आहे आणि ताडून बघायला मूळ प्रत मिळणार नाही. कितीदा तरी तो शब्द मी खोडायला घेतला आहे, आणि दर वेळी खोडून झाल्यावर त्याच्याखाली टिंबं दिली आहेत.